बैलाला नसलेलं हाड

दादा, सगळ्यात आधी आली ती चष्म्यावाली. पूर्णेची पोर हाय, बाप रेल्वेत कामाला. बोरीला एसटीतून उतरली, तिथून टमटमनं गावात आली, आन दारात उभी राहून मलाच विचारायली, "आजी, आजीचं घर हेच का?" मी म्हणले, "ह्या गल्लीत लय आज्या हायत माय, तुला कोणती पायजे?" लाजायचं सोडून खदाखदा हसली. तवाच मी ओळखलं, ही पोर कामाची हाय. तिच्या मागनं जिंतूरची आली. ती बोलायला कमी आन खायला बरी. सून आत इलायची कुटायली होती, तर चपला काढायच्या आधीच हिचं नाक तिकडं वळलं. दोघी माझ्या नातीच्या मैतरणी. नातीनं त्यांचे फोन उचलायचे बंद केले होते, म्हणून थेट दारातच येऊन उभ्या राहिल्या.

नात म्हणजे माझ्या थोरल्याची लेक, तुमची पणती. तुमी तिला बघितलं न्हाई. तुमी गेलात तवा तिचा बापच माझ्या कडेवर होता. ती परभणीला शिकती. आखडलेले हातपाय मोकळे करायचं, पडलेल्याला चालतं करायचं असं एक शिक्षण निघालंय आता, फिजिओथेरपी म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, पण हा शब्द मी गावभर इतक्यांदा सांगितलाय की तो माझ्या तोंडात दातासारखा बसलाय. तर पहिल्या वर्षाला त्यांना माणसाच्या हाडांचा विषय असतो. लिहायचा पेपर तिला बरा गेला. तोंडी परीक्षेला सरांनी हातात एक हाड दिलं आन विचारलं, सांग, हे डाव्या बाजूचं का उजव्या? तिला येत होतं दादा. घोकून घोकून पाठ होतं. पण तोंड उघडंना. सरांनी परत विचारलं, थोडा वेळ वाट बघितली आन म्हणाले, पुढची. तेवढंच. नापास. परत एकदा तोंडी द्यायची सोय असती, पण ही बाई घरी निघून आली आन म्हणाली, मी आता जाणार न्हाई, इथंच शिवण शिकीन न्हाई तर काय बी करीन. बापानं समजावलं. आईनं रडून बघितलं. ही आपली भाकरी थापायची, भांडी घासायची, नसलेलं काम काढून करायची, पण पुस्तकाकडं बघायची न्हाई. ती परत द्यायची तोंडी आज हाय. आता, ह्या वक्ताला, ती तिथं बाकड्यावर बसली असंल, न्हाई तर आत गेली असंल, न्हाई तर बाहेर येऊन रडत असंल. मला काय ठाऊक? म्हणून मी लिहायले. बसवंना म्हणून लिहायले. कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून घेतलीत. सून मघाशी म्हणाली, "काय लिहायलात आई?" मी म्हणले, देवाचं लिहायले. तिनं हात जोडले आन गेली बिचारी.

पोरी आल्या तो दिवस खांदेमळणीचा. दुसऱ्या दिवशी पोळा. बैल धुऊन आणले होते, हळद कालवायची होती, लोणी काढून ठेवलं होतं. चष्म्यावालीनं पाण्याची बाटली काढायला पिशवीची चेन ओढली आन पिशवीतनं एक फरा घरंगळत ओसरीवर आला. खरंच फरा. खांद्यामागचं तीनकोनी, पांढरं, पाठीवरचं हाड. त्याच वक्ताला शेजारीण वाटीभर हळद मागायला आली होती. तिनं अशी किंकाळी फोडली की बैलांनी कान टवकारले.

"अगं माय! हाडं? सणाच्या तोंडावर घरात हाडं?"

"काकू, प्लास्टिकची आहेत," चष्म्यावाली म्हणाली. "अभ्यासाची. कॉलेजातून मागून आणलीत."

"प्लास्टिकचं असो न्हाई तर चांदीचं, हाड ते हाड! उद्या ह्या चुलीवर पुरण शिजायचंय."

"शिजू द्या की," मी म्हणले. "ती कुठं पुरणात टाकायली ते."

"तुमाला चेष्टा सुचती मावशी. वरून देव बघायलाय."

जिंतूरची हळूच म्हणाली, "देवाला पण खांदा आहेच की काकू."

शेजारीण तरी बी हटली न्हाई. हाडं ओसरीवर नकोत, चुलीजवळ नकोत, देवघराच्या भिंतीला तर नकोच नको. शेवटी ती पिशवी, त्या पोरी आन मी, सगळे गोठ्यात गेलो. गोठ्यात हाडं कशी चालतात हे तिला कुणी विचारलं न्हाई, आन तिनं बी सांगितलं न्हाई. तिचं एक बरं हाय, भांडून जाती पण हळद घेऊनच जाती. आन नात? नात स्वयंपाकघरात. मैतरणींचा आवाज ऐकला तसं तिनं पीठ मळायला घेतलं ते मळतच बसली. चष्म्यावालीनं दारातून हाक मारली, तर म्हणाली, "आलेच. तुम्ही बसा." आली न्हाई.

गोठ्यात माझा थोरला लेक बैलांपाशी होता. आमच्याकडं आता एकच जोडी उरलीय, एक तांबडा, एक पांढरा. ट्रॅक्टर येतो, नांगरून जातो, पण सोयाबीनच्या दोन ओळींत तण काढायचं कोळपं ओढायला अजून बैलच लागतो. लेकानं खांदे गरम पाण्यानं शेकून घेतले होते आन माझी वाट बघत होता. कारण दादा, ह्या घरात खांदे मी मळते. लगीन होऊन आले त्या साली मी लोण्याची वाटी घेऊन पुढं झाले तवा सासू म्हणाली, "बायका बैलाला ओवाळतात, खांदा मळत न्हाईत." मी म्हणले, आमच्याकडं मळतात. खोटं होतं ते. आमच्याकडं बी मळत नव्हत्या. मीच मळायची, आन ते बी का, तर तुमचं हाड मोडलं म्हणून.

तो दिवस मला आत्ता दिसायलाय. तुमी जिंतूरच्या बाजाराहून येताय. ओढ्याच्या उतारावर गाडीचं चाक दगडावर चढतं आन तुमी धुऱ्यावरून खाली, तळहातावर. आमी दारात खेळायलोय. तुमी चालत येताय, गाडी मागं, बैल आपले आपण घरी यायलेत, आन तुमी डाव्या हातानं उजवं कोपर खालून धरलंय, असं जपून, जसं काय त्या हातात कुणाचं तान्हं लेकरू दिलंय. मान एकीकडं वाकडी. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणालात, काय न्हाई, बैलाला पाणी दाखव. मग कुणी तरी लुगड्याच्या धडप्यानं हात गळ्यात बांधला. हाड जुळलं, पण आडवंतिडवं जुळलं. गळ्याखाली उजव्या बाजूला तुमाला तो उंचवटा राहिला, सुपारीएवढा. मी तुमच्या मांडीवर बसले की बोटानं तो चाचपायची आन तुमी म्हणायचात, "तो फिरव, पाऊस पडंल."

त्या साली पोळ्याला तुमचा हात गळ्यातच होता. आन खांदे तर मळायचेच. वर्षभर ज्यानं जू वाहिलं त्याचा खांदा एक दिवस बी हातात घ्यायचा न्हाई म्हणजे काय. तवा तुमी मला बोलावलं. दादा, त्या साली तुमचा उजवा हात मी होते. मी आपली भराभर, वरच्यावर, केसांच्या उलट चोळायली, कारण बाहेर पोरी खेळायल्या होत्या. बैलाची कातडी थरथरली. तुमी माझं मनगट धरलं. रागानं न्हाई, पण धरलं. "कुठं जायची घाई हाय का तुला?" मी म्हणले न्हाई. "मग? त्याला बी कुठं जायचं न्हाई." आन मग माझा तळहात तुमी त्याच्या फऱ्यावर ठेवलात आन बैलाला एक पाऊल पुढं घेतलंत. माझ्या हाताखाली ते एवढं मोठं हाड सरकलं, आतल्या आत, पाण्यातला मासा सरकतो तसं. मी घाबरून हात काढला. तुमी हसलात. म्हणालात, "बघ, मोकळंच हाय ते. आपल्यासारखं पुढं अडकवलेलं न्हाई. का न्हाई, ते मला ठाऊक न्हाई." संध्याकाळी शिंगांना बांधून उरलेला लाल गोंडा तुमी माझ्या वेणीला बांधलात आन मी तो दिवाळीपर्यंत सोडू दिला न्हाई. आई म्हणायची, माझी एक लेक न्हाई, एक कालवड हाय.

हं, तर गोठ्यात. मी वाटी घेतली, आन हात उचलला, आन हात वर जाईना. दादा, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. लय दिवसांपासून माझा उजवा खांदा आखडलाय. केस विंचरायला डावा हात, मांडणीवरचा डबा काढायला डावा हात, चोळीची गाठ तर मी पुढं बांधून मागं फिरवते. पण बैल उंच, आन डाव्या हातात वाटी. लेक म्हणाला, "माय, काय झालं?" मी म्हणले, काय न्हाई, बैलाला पाणी दाखव. म्हणले आन माझं मलाच नवल वाटलं, हे तर तुमचं वाक्य.

चष्म्यावाली पुढं झाली. "आजी, बसा. हात वर करा. करा जेवढा होतो तेवढा." बाजेवर बसवलं, पदर जरा बाजूला केला आन खांद्याच्या पुढल्या बाजूला, आतल्या अंगाला, अंगठ्यानं दाबलं. मी ओरडलेच. ती मोठ्यानं म्हणाली, चांगलं ओरडूनच म्हणाली, "हा ए-सी जॉइंट. इथं दुखतंय म्हणजे इथंच बिघाड आहे."

स्वयंपाकघरातलं पीठ मळणं थांबलं.

"आणि लिगामेंट पण इथलंच गेलंय," चष्म्यावाली आणखी मोठ्यानं म्हणाली.

नात गोठ्याच्या दारात. हाताला पीठ. तीन आठवडं का किती दिवस झाले, तिच्या तोंडावर मी असा राग बघितला नव्हता, आन दादा, मला इतका आनंद झाला! "काय करायलीस तू? ए-सी जॉइंट तिथं असतो का? तू कोराकॉइड दाबायलीस. तिथं दाबलं तर कुणालाबी दुखतं. तुझं तू दाबून बघ." मैतरणीनं स्वतःचं दाबून बघितलं आन "आई गं" म्हणाली. मला अजून शंका हाय, तिनं ते मुद्दामच चुकवलं. विचारलं तर चष्मा पुसत बसली.

मग नात माझ्यामागं येऊन बसली. हात धुतले न्हाईत, माझ्याच वाटीतलं हळद-लोणी बोटावर घेतलं आन माझ्या अंगावर काढायला लागली. आधी गळ्याच्या खळगीपाशी बोट ठेवलं. "आजी, एवढा मोठा हात आपला, पण तो धडाला हाडानं फक्त इथं जोडलेला आहे. ह्या एका ठिकाणी. बाकी सगळं मांसावर टांगलेलं." मग तिथून बाहेर, खांद्याच्या टोकापर्यंत, आडवी रेघ ओढली, जरा नागमोडी. हे क्लॅविकल. मग पाठीवर तीनकोन काढला, तो फरा, त्याला स्कॅप्युला म्हणतात, आन फऱ्याच्या पाठीवरून एक कणा वर चढतो तो खांद्याच्या माथ्यावर येऊन छपरासारखा पुढं होतो. त्या छपराला हे आडवं हाड जिथं टेकतं तो ए-सी जॉइंट. "आणि ही बाई जिथं दाबत होती ना, ते फऱ्यातून पुढं आलेलं टोक. कावळ्याच्या चोचीसारखं." त्या चोचीपासून वरच्या आडव्या हाडाला दोन जाड बंध बांधलेले असतात म्हणे, एक निमुळता, एक चौकोनी, आन त्याच्यावर सगळा फरा, सगळा हात लोंबतो. मी म्हणले, "म्हणजे जू आन त्याचा नाडा." लेक हसला. नात हसली न्हाई. ती म्हणाली, "हो आजी. अगदी तसंच. क्लॅविकल हे जू, आणि हे नाडे."

तिचं बोट चालायलं होतं आन तोंड त्याच्या पुढं पळायलं होतं. हाताच्या वरच्या हाडाचा गोळा फऱ्याच्या उथळ वाटीत बसतो, ताटलीत लिंबू ठेवावं तसा, म्हणून तर हात सगळीकडं फिरतो, आन म्हणून तर निखळतो बी. वाटीच्या काठाला रबरासारखी एक कड असती. सगळ्याच्या भोवती एक पिशवी असती. "आजीची ती पिशवी आक्रसली असंल. हात वर करताना बघ," ती मैतरणींना म्हणाली, "गोळा फिरतच नाही. आजी नुसत्या फऱ्यावर हात उचलायलीय. खांदा कानाकडं चाललाय बघ." मग मला म्हणाली, "तू कधीपासून लपवायलीस हे?" मी म्हणले, "तू बी कायतरी लपवूनच बसलीस की आत." जिंतूरचीनं तेवढ्यात विचारलं, "पुरण उद्याच आहे का नक्की?" देव त्या पोरीचं भलं करो.

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं. "हे आडवं हाड मोडलं तर काय होतं गं?" तिनं माझ्या रेघेवर मधल्याहून जरा बाहेर बोट टेकवलं. "इथंच मोडतं बहुतेक. माणूस हातावर पडला की धक्का तळहातातून वर येतो, आणि हे हाड मधे उभं राहून तो घेतं. बाहेरचा तुकडा हाताच्या वजनानं खाली जातो, आतला तुकडा मानेचा स्नायू वर ओढतो. मग माणूस दुसऱ्या हातानं कोपर खालून उचलून धरतो. असं." आन तिनं धरून दाखवलं. डाव्या हातानं उजवं कोपर. मान जरा एकीकडं वाकडी.

दादा, मी तिला तुमचं काही सांगितलं नव्हतं. तिच्या बापाला बी ठाऊक न्हाई. ती पोर गोठ्यात बसून तुमाला धरून दाखवायली होती, ओढ्यावरून घरापर्यंत चालत आलेल्या तुमाला, आन तिला खबर बी न्हाई. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लेकाला वाटलं खांदा दुखायलाय. मी म्हणले, दुखायलाच हाय, दुखू दे. मग सगळं सांगितलं, चाक, दगड, धडपा, सुपारीएवढा उंचवटा. ती ऐकताना माझ्या गळ्याखालच्या हाडावरून बोट फिरवत होती, जसा तो माझ्याच अंगावर सापडंल.

"आन बैलाचं?" मी म्हणले. "बैल बी पडतो. त्याचं हे हाड मोडलेलं मी कधी ऐकलं न्हाई."

चष्म्यावाली म्हणाली, "ते सिलॅबसमध्ये नाही आजी."

नात उठली. तांबड्यापाशी गेली, त्याच्या फऱ्यावर तळहात ठेवला. "बैलाला क्लॅविकल नसतंच," ती म्हणाली. "मी वाचलं होतं. आपल्याला हात बाजूला न्यायचा असतो, वर न्यायचा असतो, मागं न्यायचा असतो, म्हणून खांदा अंगापासून लांब धरायला एक आडवी दांडी लागते. ह्याचा पाय पुढं-मागंच जातो. त्याला दांडी लागत नाही. त्याचं सगळं धड दोन्ही फऱ्यांच्या मधे मांसाच्या झोळीत टांगलेलं असतं." लेकानं बैलाला एक पाऊल पुढं घेतलं आन तिच्या हाताखाली ते हाड सरकलं. तिनं हात काढला न्हाई. दादा, तुमाला ठाऊक नव्हतं ना, बैलाला ते पुढचं हाड का न्हाई ते? हे घ्या. म्हणून न्हाई.

तेवढ्यात चष्म्यावालीनं पिशवीतनं ते आडवं हाड काढलं आन तिच्यापुढं धरलं. नात बघतच राहिली. मला वाटलं झालं, गेली परत आत. मग मी म्हणले, "अगं, ते हातात घे आन बैलाला सांग. तो काही तुला 'पुढची' म्हणणार न्हाई." तिनं हाड घेतलं. एका हातात हाड, दुसरा हात बैलावर. लोण्याचा हात लागून ते हाड पिवळं झालं. तिनं त्याची दोन्ही टोकं अंगठ्यानं चाचपली. "उजवं," म्हणाली. हळू म्हणाली. जिंतूरची म्हणाली, "कशावरून?" तशी जरा मोठ्यानं, "चपटं टोक बाहेर, जाड टोक आत. खोबण खाली. आतला बाक पुढं. उजवं." आन तिथंच न थांबता कोणता बंध कुठं लागतो, कोणता स्नायू कुठून निघतो, सगळं सांगत सुटली, त्या तांबड्याला. त्यानं एकदा कान हलवला फक्त. मी तुमाला खरं सांगते, त्यातलं मला निम्मं बी कळलं न्हाई, पण मी आयुष्यात इतकं चांगलं काही ऐकलेलं न्हाई. पार चहा थंड झाला. मग तिनंच वाटी घेतली आन दोन्ही बैलांचे खांदे तिनंच मळले, आन मी डाव्या हातानं त्यांच्या कानापाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. एका बैलाचं झाल्यावर मी पाहिलं, ती केसांच्या उलट चोळायली होती. सांगितलं. मनगट न्हाई धरलं.

थांबा, फोन वाजायलाय.

न्हाई. सुनेच्या माहेरचा.

पोळ्याच्या दिवशी पोरी राहिल्या. जिंतूरचीनं किती पोळ्या खाल्ल्या ते मी लिहीत न्हाई, तिच्या आईला वाईट वाटंल. शेजारीण बैलाला ओवाळायला आली आन माझ्या खांद्याचं ऐकून म्हणाली, "माझाबी जरा बघ गं, हा डावा, रात्री लय ठणकतो." चष्म्यावाली म्हणाली, "बघते की काकू, पण आधी ती हाडाची पिशवी लागंल." तशी म्हणती, "आण की मग! प्लास्टिकची तर हायत." मला नातीनं बजावलंय, आमी अजून शिकायलोत, आमचं ऐकून राहू नको, कॉलेजच्या दवाखान्यात येऊन मोठ्या सरांना दाखव. तोवर भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिलाय. दोन ओळी लिहिते, उठते, भिंतीपाशी जाते, बोटं चढवते, दारात बघते, परत येऊन बसते. भिंतीला हळदीचे डाग पडलेत. सुनेनं ते बघितलं.

काल सकाळच्या गाडीला तिघी गेल्या. नातीनं एकच पिशवी घेतली. मी फाट्यापर्यंत गेले. तिला म्हणले, बोलता आलं तर बोल, न्हाई आलं तर घरी ये, तुझं घर कुठं गेलं न्हाई. तिनं माझा उजवा हात धरून थोडासा वर नेला, दुखंपर्यंत, आन सोडला. आता दुपार कलली. तोंडी झाली असंल. फोन करायचा न्हाई असं मीच सगळ्यांना बजावलंय, आन मीच दर घटकेला सुनेचा फोन उलटा करून बघायले, तो उलटा केला की वाजतो जसा काय.

हे तुमाला पोचायचं न्हाई हे मला कळतंय, मी काही येडी न्हाई. पण ते हाड बैलाला का न्हाई हे एवढं तरी कुणाला सांगायचं? तुमच्याशिवाय कुणाला पडलं होतं? आन एक गोष्ट हाय, ती ह्या घरात बोलता येत न्हाई, म्हणून तुमाला सांगते. ती कॉलेज सोडून घरी आली, सगळे रडायले, तवा मी बी डोळ्याला पदर लावला. पण आतून मला बरं वाटलं होतं दादा. सकाळी उठल्यावर घरात तिचा आवाज. भाकरीचा तव्यावरचा तो पहिला वास, तिच्या हातचा. मला वाटलं होतं, राहू दे, राहिली तर काय बिघडतं. आता तिनं पास व्हावं म्हणून माझा जीव वरखाली व्हायलाय, आन त्याच जिवातली एक कोपऱ्यातली बाई अजून म्हणायलीय, राहिली असती तर. दोन्ही खरं हाय. कोणतं किती ते मला विचारू नका.

तिची हॉस्टेलची गादी इथंच हाय, दोरीनं बांधलेली, आली तवा आणलेली, कोपऱ्यात उभी. जाताना नातीनं गादीकडं बघितलं, उचलली न्हाई. गाडी सुटताना चष्म्यावालीनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "आजी, आयतवारी येतो आम्ही, गादी न्यायला!" नात काही म्हणाली न्हाई. पण दादा, न्हाई बी म्हणाली न्हाई. आज शुक्रवार. आयतवारी येतो म्हणाल्यात.